दोषाचा रकाना

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गाठ मुळासकट काढली असं ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणतात, कडेला काही उरलं नाही असा रिपोर्टही आला, तर मग हे पुढचं औषध नक्की कशावर द्यायचं? मी बसमध्ये चढत असताना तुम्ही हे विचारलंत आणि मला उत्तर देता आलं नाही. बस सुटत होती म्हणून नव्हे. चौदा तास खिडकीशी बसून विचार केला, तरी ते आलेलं नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असं कबूल करणं बरं दिसत नाही, पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू.

डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. फुप्फुसाचा असा कप्पा काढलेल्या शंभर जणांना हे औषध दिलं, की त्यांतले चार-पाच जण जास्तीचे वाचतात. बाकीच्यांना ते घेऊन आणि न घेऊन सारखंच. ते चार-पाच जण कोण, हे आधी कळत नाही. मी विचारलं, नंतर तरी कळतं का. त्या म्हणाल्या, नंतरही नाही. एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

म्हणून तुम्हाला पटवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. चारही डोस पुरे करीन असा शब्द तुम्ही मला दिलाय, तेवढाच माझ्या हातात आहे. तो मी धरून ठेवणार.

सोबत एक तक्ता पाठवते. रोज रात्री जेवल्यावर भरायचा. ताप, उलटी, तोंड येणं, बोटं बधिर होणं, कानात आवाज, वजन, असे रकाने पाडलेत. दर वेळी डोसाच्या आधी तो डॉक्टरीणबाईंना दाखवा. आळस करू नका. मला कळतं.

इथे परीक्षेचं वर्ष, त्यात माझी नोकरी पहिल्याच वर्षाची. मुख्याध्यापिकांनी ऑपरेशनसाठी तीन आठवडे सोडलं हेच खूप झालं. आता मे महिन्यापर्यंत सुटीचं नाव काढता येणार नाही. दर रविवारी अकरा वाजता ऑफिसातून फोन करीन. आणि आत्याला प्रत्येक डोसाला बरोबर न्यायचं, हे तुम्ही कबूल केलंय.

काळजी करू नका असं सांगत नाही. अर्धी तुम्ही करा, अर्धी मी करते.

तुमची
टिटवी

२३ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. उत्तर येत नाही असं लिहिलंस ते बरं केलंस. कारखान्यात ज्याला सगळ्याची उत्तरं येतात, त्याच्या हातात मी पाना देत नाही.

पहिला डोस झाला. मोठी खोली, दहा खुर्च्या, मागे रेलता येतील अशा. प्रत्येक खुर्चीशेजारी बरोबरच्या माणसासाठी एक स्टूल. सलाईनच्या दांड्याला एक डबी बसवलेली असते, ती थेंब मोजते आणि पिशवी संपली की वाजते. मी ती डबी बराच वेळ बघत होतो. आत काय असेल त्याचा अंदाज आला, पण सिस्टरने उघडू दिली नसती. सकाळी नऊला बसवलं, चारला सोडलं. मळमळलं थोडं, चालायचंच. आत्या होती बरोबर. तिने सगळा वेळ तोंडाचा पट्टा चालू ठेवला, त्यामुळे कंटाळा आला नाही.

तुझा तक्ता भिंतीला खिळ्यावर लावलाय. बघून हसू आलं. हुबेहूब आमचं मशीनचं कार्ड. तुला आठवतं का, लहानपणी तू कारखान्यात यायचीस तेव्हा प्रत्येक शिलाई मशीनच्या पायाला एक कार्ड बांधलेलं असायचं? त्यात शेवटचा रकाना दोषाचा. तिथे काही लिहिलं की सुपरवायझर मशीन लाइनीतून काढतो आणि गोदामात टाकतो. मग त्या मशीनवरची मुलगी कमी मजुरीवर दोरे कापायला बसते आणि आठ-आठ दिवस तिथेच राहते. म्हणून मी कधी लिहीत नसे. जेवणाच्या सुटीत मशीन उघडायचं, दुखणं काढायचं, आणि रकान्यात ‘ठीक’ लिहायचं. एकतीस वर्षं ‘ठीक’ लिहितोय. तुझ्या तक्त्यातही हात आपोआप तेच लिहितो. ताप ठीक, तोंड ठीक. वजन ठीक लिहिलं, मग तू ओरडशील म्हणून किलो लिहिले.

तू वेळेवर जेव. मुलींना शिकवताना घसा फाडू नकोस. तुझा आवाज मुळातच टिटवीचा, मागच्या बाकापर्यंत सहज जातो.

मनाने तुझ्याजवळच असलेला,
बाबा

२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तक्त्याची नक्कल मिळाली. मी ती मुख्याध्यापिकांनाही दाखवली. त्या म्हणाल्या, वडील तुमच्यापेक्षा शिस्तीचे दिसतात. अंगावर मूठभर मांस चढलं.

माझी खोली वसतिगृहाच्या टोकाला आहे. एक खाट, एक टेबल, आणि कपाट म्हणून भिंतीतला कोनाडा. सहा वाजता मुली अभ्यासाला बसल्या की बोलायला कुणी नसतं. बाकीच्या शिक्षिका घरी जातात, त्यांना घरं आहेत. ध्येय म्हणून इतक्या लांबची शाळा निवडली तेव्हा संध्याकाळी सहा ते नऊ एवढा वेळ कुठे घालवायचा याचा विचार केला नव्हता. काल वह्या तपासताना लक्षात आलं, की मी प्रत्येक चुकीपाशी मोठ्याने कारण सांगत होते, भिंतीला. तुम्ही घरी एकटेच मशीनशी बोलायचात त्याला मी हसायचे. आता हसणार नाही.

एक महत्त्वाचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की तक्रारी वाढल्या तर औषध कमी करावं लागतं किंवा थांबवावं लागतं. तसं होऊ द्यायचं नाही. चार म्हणजे चार. तुम्ही त्या चार-पाच जणांतलेच आहात असं मी धरून चालले आहे. याला शास्त्रात काही आधार नाही, पण माझ्याकडे दुसरे बाबा नाहीत.

आत्याला माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, बडबड कमी करू नकोस.

तुमची हट्टी
टिटवी

१६ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

दुसरा डोस बाराला झाला. तक्ता दाखवला, डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. केस गळताहेत. आरशात बघितलं तर माझ्याच वडिलांचा फोटो दिसतो. आत्या म्हणाली, बरं झालं, तेलाचा खर्च वाचला.

डोस चालू असताना एक गंमत झाली. मी पेपर वाचत होतो आणि सिस्टर धावत आली. म्हणाली, मशीन कधीचं वाजतंय, हाक का मारली नाही? शेजारच्या खुर्चीतली म्हातारी माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मी मुद्दामच केलं. अग्रलेखात गुंगलो होतो, दुसरं काय.

तेवढे रविवारचे फोन आता थांबव. बोलताना धाप लागते. एक कप्पा कमी झाल्यावर वारा कमी पडणारच. कागदावर धाप लागत नाही, आणि तुझं पत्र दोनदा वाचता येतं. फोन दोनदा ऐकता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात अंगात जरा ताकद येते, तेव्हा चार-पाच दिवस कारखान्यात जाऊन बसेन. डॉक्टरीणबाईंना विचारलंय. गर्दी टाळा, तोंडाला फडकं बांधा आणि जा म्हणाल्या. घरात बसून भिंती किती बघणार. तू भिंतीशी बोलतेस हे वाचून वाईट वाटलं, पण निदान तुझ्या भिंतीला शास्त्र कळत असेल.

पोटभर जेवत असशील अशी आशा धरून असलेला,
बाबा

६ एप्रिल

चि. पदवीधर हिस,
आत्याचे आशीर्वाद.

रागाने लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. नाहीतरी माझं अक्षर काजाच्या मशीनवर बसून बसून तसंच झालंय.

तीन डोस झाले. तिन्ही वेळा तू सकाळच्या बसने आलीस, दिवसभर माझ्या भावाजवळ बसलीस आणि रात्रीच्या बसने परत गेलीस, आणि आत्याच्या घराचा उंबरा तुला दिसला नाही. माझं घर दवाखान्यापासून किती लांब, वीस मिनिटं. मी येते म्हटलं तर दर वेळी हा म्हणतो, टिटवी येतेय, तू कशाला सुटी घेतेस, स्टूल एकच असतं. मी म्हटलं जाऊ दे, बाप-लेकीला वेळ मिळू दे. पण मनात राहिलंच. शिकलेल्या मुलींना आत्या नको असते, एवढं कळलं.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या डोसाच्या चार दिवस आधी तो कारखान्यात होता. माझ्या मागच्या लाइनीत एक नवी मुलगी आहे, तिचं मशीन किंचाळत होतं. असं किंचाळत होतं की माझे दात शिवशिवले. तुझ्या बापाला बोलावलं. तुला माहीत आहे, हा माणूस दारातून आवाज ऐकून सांगायचा की हुकाला तेल नाही का सुई वाकली. तो येऊन बसला, मशीन चालवलं, मान वाकडी करून ऐकलं आणि कार्डावर लिहिलं, ठीक. मुलगी म्हणाली, काका, ओरडतंय की. तर म्हणाला, तुझे कान फार नाजूक आहेत, घरी कुणी ओरडत नाही वाटतं. सगळी लाइन हसली. आम्हाला वाटलं थट्टा करतोय, खाली वाकून आता मशीन उघडेल. तो उठून गेला.

दहा मिनिटांत हूक अडकला, सुई तुटली, आणि तुकडा मुलीच्या गालाला लागून गेला. डोळा बोटभर अंतराने वाचला. दोन टाके पडले. तुझा बाप त्यानंतर गोदामात मोडक्या मशीनांमध्ये जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. मी शेजारी जाऊन बसले, दोनदा हाक मारली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुपरवायझरने सांगितलंय, पुरतं बरं होईपर्यंत घरी राहा.

तू तिसऱ्या डोसाला येशीलच, तुझ्या लक्षात येईल, म्हणून मी चार दिवस गप्प राहिले. पण तूही काही कळवलं नाहीस. तू त्याच्या शेजारी सात-सात तास बसतेस, तुला काही दिसलं नाही? का तिथेही वह्या तपासतेस? लांबून पत्रं लिहून बापाला चार डोसांची शिस्त लावणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. जवळ येऊन बघितलंस तरी काय, ते सांग.

रागावले तरी तुझीच,
आत्या

१० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र आज आलं. ती माझ्यावर रागावली आहे, कारण तिन्ही डोसांना मी तुमच्या शेजारी बसले होते. तुमच्या पत्रांप्रमाणे ती बसली होती.

मी तिला अजून काही कळवलेलं नाही. आधी तुम्हाला विचारते, आणि तक्ता नको आहे. साध्या कागदावर लिहा. त्या स्टुलावर कोण होतं? कानांना काय झालंय आणि कधीपासून? डॉक्टरीणबाईंना यातलं काय माहीत आहे?

चौथा डोस तेवीसला आहे. लगेच लिहा.

वाट बघणारी
टिटवी

१४ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पकडलंस. मास्तरणीच्या हातून आजवर कोण सुटलंय.

स्टुलावर माझी पिशवी होती. पहिल्या वेळी सिस्टरने विचारलं, बरोबर कोण? मी म्हटलं, मुलगी खाली औषधं आणायला गेली आहे. दुसऱ्या वेळीही तेच म्हटलं. तिसऱ्या वेळी तिने विचारलं नाही, नुसती पिशवी नीट सरकवून ठेवली. आत्याला न्यायचं तर तिची हजेरी बुडते, आणि तुला बोलवायचं तर तुझी पहिली नोकरी. दोघींना एकमेकींचं नाव सांगितलं की दोघीही निश्चिंत राहतील, हा हिशेब माझा. तू आणि ती एकमेकींना कधी लिहीत नाही, यावर तो उभा होता.

कानांचं पहिल्या डोसानंतरच सुरू झालं. आधी शिट्टीसारखा आवाज. मला वाटलं शेजाऱ्यांचं काही चालू राहिलंय, मी त्यांना जाऊन सांगूनही आलो. मग बारीक आवाज जायला लागले. घंटी, सलाईनची डबी. जाड आवाज येतात. आत्याचा येतो, ट्रकचा येतो. तुझा फोनवर आला तो नुसती कुणी फुंकर मारावी तसा. दोन रविवार मी अंदाजाने हो-हो म्हणत राहिलो. एकदा तू हसलीस का रडलीस तेच कळलं नाही. म्हणून फोन बंद करायला सांगितलं. धाप फार लागत नाही.

गोदामात आत्या आली ते मला ठाऊक आहे. हाक ऐकली होती. तिच्याकडे बघायची लाज वाटली. त्या मुलीच्या गालावर दोन टाके आहेत. एकतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या मशीनने कुणाला लागलं नव्हतं. त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागतं.

डॉक्टरीणबाईंना माहीत नाही. तक्त्यात ठीक आहे. तूच लिहिलं होतंस, तक्रारी वाढल्या तर औषध थांबवतात. दोष लिहिला की मशीन लाइनीतून जातं, हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे. आता एकच डोस उरलाय. तेवढा होऊ दे. मी त्या चार-पाचांतला असलो तर? शेवटच्या डोसानेच असलो तर? तू म्हणतेस हे कुणालाच कळत नाही. मग मी बसून राहतो, गुमान घेतो. बहिरा बाप असला तरी तुझ्या लग्नाबिग्नाला खुर्चीत बसवता येईल. रिकाम्या खुर्चीपेक्षा बरं.

म्हणून तेवीसपर्यंत तोंडाला कुलूप लाव. आत्यालाही सांगू नकोस, तिच्या पोटात गोष्ट पचत नाही. त्यानंतर पाहिजे तेवढी भांड. तुझ्याकडे एवढंच मागतो. तुझ्या लहानपणापासून फार काही मागितलेलं नाही.

तुझ्या शब्दावर विसंबलेला,
बाबा

१८ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी मधल्या सुटीत मिळालं. व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचलं. एका मुलीने येऊन विचारलं, बाई, प्रयोगाची पेटी काढू का. मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही, पण तिने पेटी काढली नाही.

तुम्ही माझ्याकडे एवढंच मागितलंत हे खरं आहे. आई गेल्यापासून आपल्या घरात मागण्याचं काम मी केलं आणि देण्याचं तुम्ही. फी, पुस्तकं, चष्मा, ही इतक्या लांबची शाळा. आणि शेवटी चार डोस. मागताना मी कधी बघितलं नाही की ते कुठून येतं. चार म्हणजे चार, हे वाक्य मी कागदावर लिहिलं तेव्हा मला ते धीराचं वाटलं होतं. ते तुमच्या भिंतीवर कसं वाचलं जाईल, हा विचार पदवी घेताना कुणी शिकवला नाही. दोष मी मागितलाच नव्हता, ‘ठीक’ मागितलं होतं. तुम्ही ते लिहून दिलंत.

पण बाबा, मशीन गोदामात जाऊ नये म्हणून तुम्ही कार्डावर ठीक लिहायचात, तेव्हा आधी ते उघडून दुरुस्त करायचात. या वेळी दुरुस्त कुणी केलं? दुखणं तसंच ठेवून नुसतं ‘ठीक’ लिहिण्याची वेळ तुमच्यावर माझ्यामुळे आली. त्या मुलीच्या गालावरच्या टाक्यांतला एक माझा आहे.

रात्री मी तुमचं पत्र घेऊन बसले. तुमची विनंती मोडायची नाही असं ठरवण्याचा प्रयत्न केला. पाच दिवसांचाच प्रश्न, असं म्हणून बघितलं. पण ते नाटक होतं, कारण ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे करायचं ते मी दुपारीच करून बसले होते. रात्रभर फक्त त्याची भीती वाटत राहिली.

पत्र वाचून झाल्यावर मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले, दवाखान्याला फोन लावला आणि डॉक्टरीणबाई येईपर्यंत धरून ठेवला. कानात शिट्टी, बारीक आवाज जाणं, तक्ता खोटा आहे, पहिल्यापासून तुमच्या शेजारी कुणी नव्हतं, सगळं सांगितलं. त्यांनी तुमची फाइल मागवली. मग म्हणाल्या, गेलेलं बहुतेक परत येणार नाही, पण पुढचं वाचवता येईल. हेच औषध पुन्हा देणार नाही. त्याच जातीचं दुसरं आहे, ते कानांना कमी त्रास देतं. ते घेता येईल, किंवा तीनवर थांबताही येईल. तीन आणि चार यांत तुमच्यापुरता किती फरक पडेल, हे मी विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. या वेळी मी रागावले नाही. वीस तारखेला कानांच्या तपासणीसाठी त्या तुम्हाला बोलावणार आहेत, म्हणजे हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल आणि माझा उद्योग तुम्हाला कळलेला असेल.

त्यानंतर मी आत्याला फोन केला. ती आधी खूप बोलली, मग एकदम गप्प झाली. आत्या गप्प झालेली मी पहिल्यांदा ऐकली. ती वीसला तुमच्याबरोबर येणार आहे. तेवीसला मी येईन असं आश्वासन देत नाही. परीक्षा आहेत, आणि तुम्हाला खोट्या टिटवीची सवय झाली आहे, तिच्यात आणखी भर नको.

चौथा घ्यायचा की नाही, हे तुम्ही आणि डॉक्टरीणबाई ठरवा. मी चारचा आकडा पुन्हा तोंडातून काढणार नाही. तुम्ही थांबलात तरी चालेल, आणि हे मी मोठेपणाने लिहीत नाही, भीती तशीच असताना लिहिते आहे. शंभरातला कितवा माणूस माझा बाप आहे हे मला माहीत नाही. तो एकटा खुर्चीत बसून ऐकू न येणाऱ्या डबीकडे बघत असतो, एवढंच माहीत झालंय.

तुम्ही गप्प राहायला सांगितलंत आणि मी राहिले नाही. तुमची परवानगी नंतर मागावी असं मनात होतं, पण तीही मागत नाही. रागावलात तर आत्याच्या घरी जाऊन रागवा, एकटे बसून नको.

तुमचा शब्द मोडून,
तुमचीच
टिटवी